पण चालायचे कुठून?



गेल्या सहामाहीत मी नववीच्या वर्गाला ‘चालण्याचे महत्त्व’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. विषय जुनाच आहे. शिक्षकाला नवे काही सुचले नाही की असे विषय हाताशी येतात. मुलांनीही आपले कर्तव्य चोख बजावले. चालण्याने रक्ताभिसरण सुधारते, मधुमेह दूर राहतो, मन प्रसन्न होते, पेट्रोल वाचते, हवा शुद्ध राहते, असे सगळ्या वह्यांतून ओळीने लिहिलेले होते. वह्या तपासताना माझ्या मनात सहज आले की, ही मुले स्वतः शाळेत कशी येतात? दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले. बहुतेक जण आईच्या नाहीतर वडिलांच्या स्कूटरवरून, काही बालरथातून, दोघे-तिघे मोटारीने. पायी येणारी मुले एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. त्यांतल्याच एकाच्या वहीत, निबंध संपल्यावर खाली, पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ लिहिलेली होती : ‘सर, चालणे चांगले हे ठाऊक आहे, पण चालायचे कुठून?’

ती ओळ निबंधाच्या बाहेरची म्हणून मी तिला गुण दिले नाहीत. परंतु निबंधातले बाकीचे सारे विसरलो आणि ती ओळ मात्र डोक्यात राहिली. आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे, असे समजा.

आरंभीच कबुली दिलेली बरी. माझे घर पणजीच्या मळा भागात आहे आणि शाळा तेथून सव्वा किलोमीटरवर. धीम्या पावलांनीही पंधरा-वीस मिनिटांची वाट. आणि मी गेली कित्येक वर्षे स्कूटरवरून शाळेत जातो. वेळ वाचतो असे मी स्वतःला सांगत आलो. पण शाळेजवळ स्कूटर लावायला जागा शोधण्यात जाणारी मिनिटे मी त्या हिशेबात कधी धरली नाहीत.

‘शहरातली माणसे आळशी झाली’ असे म्हणून हा विषय निकालात काढण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. दर वर्षी ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त भरते, तेव्हा बेळगाव, सावंतवाडी, कारवार या बाजूंनी माणसे दिवसच्या दिवस चालत येतात. आषाढीला गोव्यातून पंढरपूरकडे दिंड्या पायी निघतात. त्यांत तरुण असतात तसे साठी उलटलेलेही असतात. पायांत बळ नाही, मनात इच्छा नाही, असे या लोकांविषयी कोण म्हणेल? आणि मौज अशी की, त्यांतलाच एखादा गृहस्थ घरी परतला की कोथिंबिरीची जुडी आणायला कोपऱ्यावर जातो तोही स्कूटरला किक मारूनच. शेकडो मैल चालणाऱ्या या माणसाला शंभर पावले का चालवत नाहीत? तेव्हा दोष पायांत शोधण्यापेक्षा पायांखाली शोधलेला बरा.

वास्तविक पणजी हे चालणाऱ्याचेच शहर. मांडवी, अल्तिन्होची टेकडी आणि मळ्याजवळची खाडी यांच्या बेचक्यात ते वसले. जुने गोवे साथींनी ओस पडत गेल्यावर राज्यकारभार हळूहळू इकडे आला आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पाव शतकात, व्हाइसरॉय दॉम मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो यांनी येथील दलदली बुजवून सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आखले होते. मोटार तेव्हा जगातच नव्हती. त्यामुळे चौक जवळजवळ आले, रस्त्यांचे तुकडे आखूड राहिले. चालणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय असते. कारण लांबलचक भिंतीला वळसा न घालता त्याला हव्या त्या कोपऱ्यावर वळता येते, एक वाट नकोशी वाटली तर दुसरी धरता येते, आणि दर दोन मिनिटांनी समोरचे दृश्य बदलते. २०११ च्या जनगणनेत पणजी नगरक्षेत्राची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती. खाडीच्या काठावरून निघालेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात शहर ओलांडून कांपालला पोहोचतो. इतके बेताचे शहर पायी फिरता येऊ नये, हे आश्चर्य नव्हे काय?

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पूर्वी सगळे चालत असत ते काही चालण्याच्या प्रेमापोटी नव्हे. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन उन्हात अनवाणी चालणाऱ्या बाईला कोणी वाहन दिले असते तर तिने ते आनंदाने घेतले असते. बस आली, पुढे स्कूटर आली, आणि कित्येकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आयुष्यातली मोठी पायपीट संपली. नोकरी करणारी माझी एखादी विद्यार्थिनी स्वतःच्या स्कूटरवरून संध्याकाळी निर्धास्त घरी परतते, तेव्हा मला तिचे कौतुकच वाटते. तेव्हा सक्तीचे चालणे परत यावे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, ज्याला चालावेसे वाटते त्याला ते का सोडावे लागते? आणि चालण्यावाचून गत्यंतर नसलेले लोकही काही थोडेथोडके नाहीत. २०११ च्याच जनगणनेप्रमाणे देशात शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक माणसे पायीच जात होती.

त्या पेन्सिलीतल्या ओळीने मला स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून एका शनिवारी वर्गातल्या दहा-बारा मुलामुलींना घेऊन मी शाळेपासून बाजारापर्यंत पायी निघालो. अट एकच घातली : पदपथावरूनच चालायचे, आणि ज्या ज्या वेळी पदपथ सोडून खाली रस्त्यावर उतरावे लागेल, तेव्हा वहीत एक रेघ ओढायची. पहिल्याच वळणावर विजेची पेटी आली, खाली उतरलो. मग एका दुकानाने आपल्या पायऱ्या पदपथावर आणून ठेवल्या होत्या, खाली उतरलो. एका बंगल्याच्या फाटकासमोर, मोटार आत जावी म्हणून पदपथ कापून उतार केला होता. उतरलो आणि पुन्हा चढलो. पुढे झाडाचा बुंधा, त्याला टेकून तीन स्कूटरी, मग जाहिरातीचा फळा, मग गटारावरची गहाळ झालेली लादी. दोन्ही हातांची बोटे संपली तेव्हा रेघा ओढणारा मुलगा कंटाळला आणि म्हणाला, ‘सर, आपण उलट मोजू या. न उतरता सलग पन्नास पावले कुठे टाकता येतात, तेवढेच लिहू या.’

हे मात्र मला शिक्षक असून सुचले नव्हते. बाजारात पोहोचेपर्यंत अशी जागा दोनदाच सापडली. त्यांतली एक होती खांबांच्या ओसरीखाली. आपल्या शहरात काही इमारतींचा तळमजला आत घेऊन पुढे रस्त्याच्या बाजूने खांबांची ओसरी ठेवलेली आहे, ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. वर छप्पर, बाजूला दुकाने, खाली सपाट जमीन. जून ते सप्टेंबर जेथे पाऊस झोडपून काढतो आणि मार्चपासून ऊन सोसवत नाही, त्या मुलखात चालणाऱ्यासाठी याहून शहाणी योजना दुसरी कोणती असणार? ओसरीत शिरताच मुलांची चाल बदललेली मला दिसली. तोवर एकामागे एक, खाली मान घालून चाललेली मुले शेजारी-शेजारी आली आणि बोलू लागली. बोलत चालणे हा चालण्यातला अर्धा आनंद आहे, आणि अरुंद वाटेवर पहिला बळी त्याचाच जातो.

हे नियम कोणाला ठाऊक नाहीत अशातला भाग नाही. रस्त्यांविषयीची मानके ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने २०१२ साली पादचाऱ्यांच्या सोयींसाठी मार्गदर्शिका काढली. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा असावी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे तीत सांगितले आहे. १५० मिलिमीटर म्हणजे सुमारे अर्धा फूट. एक साधी पायरी. १.८ मीटर यासाठी की, दोन चाकांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी निघून जाव्यात. प्रत्यक्षात काय होते? पदपथावर स्कूटरी चढू नयेत म्हणून तो उंच बांधला जातो, आणि उंच झाल्यामुळे म्हातारी माणसे त्यावर चढत नाहीत. स्कूटर मात्र कुठल्यातरी फाटकाच्या उतारावरून चढतेच. ज्याला थांबवायचे तो थांबत नाही आणि ज्याच्यासाठी बांधले तो खाली रस्त्यावरून चालतो, असा हा उफराटा व्यवहार!

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाजाराजवळच्या एका कोपऱ्यावर पदपथाचा निम्मा भाग अडवून एक बाई फुले विकत बसली होती. मी मुलांना म्हटले, ‘हाही अडथळाच, ओढा रेघ.’ त्यावर एक मुलगी जरा अवघडून म्हणाली, ‘सर, त्या बाई असतात म्हणून आम्ही संध्याकाळी क्लासहून या रस्त्याने येतो. पलीकडच्या रस्त्यावर सगळी दारे बंद असतात.’ दुपारी दुकाने बंद करण्याची आपल्याकडची जुनी चाल मला प्रिय आहे. वामकुक्षीविरुद्ध मी चकार शब्द काढणार नाही. पण त्या वेळी ओळीने खाली ओढलेल्या शटरांपुढून एकट्या मुलीला जाताना कसे वाटते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. मुली लांबची वाट धरतात. पण उघडी दारे असलेली, दिवा असलेली, कोणीतरी बसलेली वाट धरतात. आपल्या जुन्या घरांपुढचे बलकांव तरी दुसरे काय होते? घरातली माणसे संध्याकाळी तेथे येऊन बसत, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करीत. चौकशा जरा अधिकच करीत, हेही खरे. पण रस्त्यावर कोणाचे तरी लक्ष असे. फुलवालीसाठी २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे, तिला जागा नेमून देता येते. कंपाउंडाच्या दहा फुटी भिंतीला मात्र कोणताच कायदा डोळे देऊ शकत नाही. रेघ मी खोडायला लावली.

आता रस्ता ओलांडण्याविषयी. चालणाऱ्यासाठी सिग्नलची वेळ ठरविताना माणसाची गती सेकंदाला १.२ मीटर धरण्याची अभियंत्यांची रीत आहे. म्हणजे बारा मीटर रुंदीचा रस्ता दहा सेकंदांत ओलांडला जावा. तरुण माणूस तो आठ सेकंदांतही ओलांडील. पण माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती छत्री टेकीत चालते, आणि मी घड्याळ लावून पाहिले आहे, तिला तेवढ्यासाठी वीस सेकंद लागतात. जेथे सिग्नल आहे तेथे ती अर्ध्या रस्त्यात असताना दिवा बदलतो. जेथे नाही, तेथे पांढरे पट्टे असूनही कोणी थांबत नाही. पट्ट्यांवर पाऊल टाकणारा माणूसच थांबतो. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ माणसे पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद, असा हा हिशेब होतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अडथळे नसलेले आणि अपंगांनाही वापरता येतील असे पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. हा निर्णय मी वर्गात वाचून दाखविला, तेव्हा पेन्सिलवाल्या मुलाने हात वर करून विचारले, ‘मग आता कुणाला सांगायचे, सर?’ या मुलाला मी यापुढे निबंधाला अवघड विषय देणार आहे.

संध्याकाळी मिरामारला गेलात तर आणखी एक गंमत दिसते. कांपालपासून मिरामारपर्यंत नदीच्या कडेने शेकडो माणसे झपझप चालत असतात. पायांत पांढरे बूट, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ. आणि रस्त्याच्या कडेला त्यांच्या मोटारींची रांग उभी असते. माणसे चालण्यासाठी मोटारीने येतात! मी त्यांना हसत नाही, कारण मीही तसाच गेलेलो आहे. तेथे वारा आहे, पाणी आहे, कांपालला जुन्या पर्जन्यवृक्षांची सावली आहे, आणि महत्त्वाचे म्हणजे सलग वाट आहे. पण यातून एक विचित्र गोष्ट घडली. चालणे हे व्यायाम म्हणून राहिले. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे साधन म्हणून उरले नाही. दुकानात जाणे, शाळेत जाणे, कोणाच्या घरी जाणे यांतून ते निघून गेले आणि सकाळ-संध्याकाळच्या औषधाच्या मात्रेसारखे झाले.

याला आपण वाहनांना दिलेली सवलतही कारण आहे. गोव्याची लोकसंख्या २०११ साली १४ लाख ५८ हजार होती. येथे नोंदलेल्या वाहनांच्या संख्येने तो आकडा केव्हाच ओलांडला आहे. स्कूटर दुकानाच्या उंबऱ्याशी फुकट लावता येत असेल, तर शंभर पावले दूर लावण्याचा शहाणपणा कोण करील? दुकानदारांना वाटते, गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. उलटा अनुभव घ्यायचा तर फेरीबोट पाहावी. पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीत पायी चढणाऱ्याला तिकीट पडत नाही. पूल झाले, १९८६ साली त्यांतला एक कोसळला, पुन्हा नवे झाले, तरी फेरीतून पायी जाणारी माणसे आहेतच. चालणाऱ्याला मान देणारी सरकारी सोय म्हणून मला त्या फेरीबोटीचे फार अगत्य वाटते.

पदपथांची ही चर्चा माझ्या घरात शिरली ती दोन वर्षांपूर्वी. आई रोज सकाळी मळ्याहून चर्चला मिस्सेसाठी पायी जात असे; जेमतेम किलोमीटरभर वाट. जाता-येता तिची माणसे ठरलेली होती : पाववाला पदेर, दार झाडणारी एक शिक्षिका, नातवाला शाळेच्या बसवर सोडणारे एक पेन्शनर. पणजीची २०१६ साली स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली, त्यानंतर शहरात ठिकठिकाणी खोदकामे निघाली हे आपण सारे जाणता. खाडीकाठच्या मोठ्या रस्त्यावर अशाच एका खोदकामानंतर कोणीतरी लाद्या जागेवर ठेवल्या होत्या, पण बसविल्या नव्हत्या. आईच्या पायाखालची लादी कलली आणि ती पडली. हाड मोडले नाही, ही देवाची कृपा. गुडघा सुजला, मनगट मुरगळले. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितले की, आता चालायला हरकत नाही. पण तिचे चालणे गेले ते गेलेच. मी तिला स्कूटरवरून चर्चला नेऊ लागलो, चार मिनिटांत नेऊन चार मिनिटांत आणू लागलो. सोय उत्तम झाली असे मी समजत होतो. काही महिन्यांनी एके दिवशी ती सहज म्हणाली, ‘त्या पेन्शनरांचे काय झाले रे? आहेत ना?’ ते वारले होते. त्याला महिना झाला होता, आणि वाटेवरून जाणे बंद झाल्यामुळे तिला ते कळलेच नव्हते.

आम्हाला वाटले, वयच झाले. गेल्या हिवाळ्यात ती पुण्याला माझ्या बहिणीकडे राहिली, तेव्हा हा समज खोटा ठरला. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले आणि त्या सुमारास जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद करून बांधले. सगळ्या पुण्याचे तसे झाले आहे असे कोणी समजू नये. बहिणीच्या गल्लीतून त्या रस्त्यापर्यंत रिक्षा करूनच जावे लागते. पण तेथे संभाजी उद्यानाच्या बाजूला सपाट वाट आहे, झाडे आहेत, आणि दर थोड्या अंतरावर बसायला जागा आहे. आई तेथे पाऊण तास फिरली. मध्ये बसली, पुन्हा उठली, पुन्हा चालली. बहिणीचा रात्री फोन आला, ‘अरे, हिच्या गुडघ्याला काहीसुद्धा झालेले नाही!’

परत आल्यावर आईने मला सांगितले, ‘तुझ्या त्या खाडीवरच्या मोठ्या रस्त्याने मी यायची नाही. मी आतून जाईन.’ आतून म्हणजे फोंताइन्हासमधून. ती वाट वळणावळणाची आणि लांबची आहे. आता गंमत पाहा. त्या गल्ल्यांतून पदपथ म्हणावा असा फारसा नाहीच. पण गल्ली अरुंद म्हणून मोटार आत शिरली तरी सावकाश येते, समोरासमोरच्या घरांची सावली पडते, खिडक्या रस्त्यावरच उघडतात, आणि दम लागला तर कोणाच्याही पायरीवर टेकता येते. मी इतका वेळ आपल्याला पदपथाची रुंदी सांगत होतो, आणि आईने जेथे पदपथ नाही अशी वाट निवडली! ती तिला पसंत पडली कारण तेथे चालणारा हा रस्त्याचा मालक असतो आणि गाडी पाहुणी. मोठ्या रस्त्यावर गाडी आपला वेग सोडणार नाही, म्हणून तेथे दगडाच्या कडेची, रुंदीची, सपाटीची भाषा बोलावी लागते.

त्या गल्लीचा उपद्रव म्हणजे छायाचित्रे काढणारे प्रवासी. रंगीत भिंतींपुढे ते वाट अडवून उभे राहतात. एकदा त्यांतल्या एका जोडप्याने आईला चित्रातून जरा बाजूला होण्यास सांगितले. तिने त्यांनाच बाजूला होण्यास सांगितले. मिस्सेला उशीर होत होता.

या महिन्यात एका रविवारी मी तिच्याबरोबर गेलो. मळ्यापासून चर्चपर्यंत आम्हाला चाळीस मिनिटे लागली, कारण ती चार ठिकाणी थांबली आणि त्यांतल्या तीन ठिकाणी दमामुळे नव्हे. चर्चच्या पायऱ्या पाहून मी तिचा हात धरायला गेलो. त्या उंच, वळत जाणाऱ्या पायऱ्या आपणांस माहीत आहेतच. तिने हात सोडविला. म्हणाली, ‘या सगळ्या सारख्या आहेत, आणि एकही हलत नाही.’ मग छत्री टेकीत, प्रत्येक वळणावर थांबत, ती वर गेली. मी मागून चाललो होतो आणि मलाच दम लागला होता.